जुन्या कॅम्पर व्हॅनचं चार्जिंग: अल्टरनेटर, वायरिंग आणि दोन बॅटऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं जुन्या व्हॅनसाठी आहे. म्हणजे जिथे रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) अल्टरनेटरच्या (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) पाठीवरच बसवलेला असतो (किंवा अजून जुन्या गाडीत वेगळ्या डबीत असतो) आणि कुठला कॉम्प्युटर त्याला किती व्होल्ट काढायचे ते सांगत नाही. नव्या गाड्यांतले स्मार्ट अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज खाली-वर करत असतात, त्यांना खालचे आकडे लावत बसू नका, फुकट डोकं फिरेल. बाकी हातात एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि पाने असले की इथलं बहुतेक सगळं घरच्या घरी तपासता येतं, आणि माझं कळकळीचं सांगणं एवढंच की आधी मोजा, मग पार्ट आणा.

बॅटरी सारखी उतरतेय. अल्टरनेटर गेला असं समजायचं का?

नाही, लगेच नाही. अल्टरनेटर हा सगळ्यात महाग आणि काढायला सगळ्यात त्रासदायक पार्ट, आणि लोक नेमका तोच आधी बदलतात. जुन्या व्हॅनमध्ये दोष बऱ्याचदा दुसरीकडेच निघतो: बॅटरीच म्हातारी झालेली, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, बेल्ट ढिला, इंजिनची अर्थ पट्टी गंजलेली, डॅशबोर्डचा चार्जिंगचा बल्ब उडालेला, किंवा आधीच्या मालकाने टेप गुंडाळून केलेलं जोडकाम. हे सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते अल्टरनेटरचं. तपासायचा क्रमही साधारण हाच ठेवा, कारण यातलं पहिलं निम्मं काम फक्त डोळ्यांनी आणि हातांनी होतं.

मल्टिमीटरने नक्की काय काय मोजायचं?

मीटर डीसी व्होल्टवर, २० ची रेंज, आणि टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर, क्लॅम्पवर नाही.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता. साध्या लेड ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव उरलीय, आणि ११.८ च्या खाली गेली तर ती रिकामीच धरा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हे आकडे खोटे दिसतात, वरवरचा चार्ज असतो, तेव्हा दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग बघा.

दुसरं माप सेल्फ मारताना. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. चांगली चार्ज असलेली बॅटरी ९.६ च्या खाली जायला लागली तर बॅटरी थकलीय किंवा स्टार्टर जास्त करंट खातोय. कुठलीही चार्जिंगची तपासणी अशा बॅटरीवर केली तर उत्तर चुकीचंच येणार, म्हणून आधी घरच्या चार्जरवर बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या.

तिसरं इंजिन चालू असताना. थोडी रेस देऊन, म्हणजे साधारण १५०० ते २००० आरपीएमला, सगळं बंद असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये कुठेतरी दिसलं पाहिजे. मग हेडलाइट, हीटरचा पंखा, मागची काच गरम करायची जाळी, सगळं लावा. व्होल्टेज थोडं उतरेल पण १३.५ च्या आसपास टिकायला हवं. सगळं लावल्यावर १२.५ वगैरेला येऊन बसलं तर अल्टरनेटर पुरवू शकत नाहीये आणि बॅटरीच घर चालवतेय. आणि एक लक्षात असू द्या, गरम झालेला अल्टरनेटर थोडं कमी व्होल्टेज देतो, बऱ्याच रेग्युलेटरमध्ये ती सोयच केलेली असते, तेव्हा लांबच्या प्रवासानंतर १३.६ दिसलं म्हणून घाबरू नका.

लाल बॅटरीचा दिवा चावी ऑन केल्यावर लागतच नाही. दिवाच आहे ना, चालेल का?

अजिबात चालणार नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो बल्ब नुसता इशारा द्यायला नाहीये. इग्निशनमधून निघालेला करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला जातो (काहींवर एल किंवा ६१ लिहिलेलं असतं), तिथून कार्बनमधून (म्हणजे रोटरवर घासत त्याला करंट पोचवणारे ब्रश) रोटरमध्ये (आतला फिरणारा भाग), आणि रोटर चुंबक बनतो. त्या सुरुवातीच्या चुंबकावरच पुढची सगळी वीज उभी राहते. इंजिन फिरायला लागलं की डी प्लसवर बॅटरीएवढंच व्होल्टेज येतं, बल्बच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि दिवा विझतो. म्हणजे बल्ब उडाला, होल्डर गंजला किंवा ती एक बारीक वायर तुटली तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर एकदम जागा होतो. "सकाळी चार्ज करत नाही पण हायवेला लागलं की करतो" ही तक्रार ऐकली की मी आधी बल्ब बघायला सांगतो.

तपासायचं असं. इंजिन बंद, चावी ऑन, डी प्लसची बारीक वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. शेजारच्या जाड बी प्लसला (बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य वायरीचा बोल्ट) हात, पाना, काहीही लागू देऊ नका, तिथे बॅटरीचा करंट कायम असतो. दिवा लागला तर बल्ब आणि वायर दोन्ही चांगले, दोष कार्बन, रेग्युलेटर किंवा रोटरमध्ये. नाही लागला तर दोष डॅशबोर्ड आणि वायरमध्ये, अल्टरनेटरला हात लावायची गरजच नाही. आणि टोक हवेत मोकळं असतानाही दिवा पेटलेला असेल तर ती वायर वाटेत कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय.

अजून एक खात्री: चावी ऑन ठेवून एक लोखंडी स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ धरा, रोटरला करंट जात असेल तर तो स्पष्ट ओढला जातो.

डॅशबोर्डचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले असतील तर तिथेच घोटाळा आहे. साधा बल्ब २ वॅटच्या आसपासचा असतो, त्यातून दीडशे-पावणेदोनशे मिलीअँप जातात, एलईडीतून तेवढे जात नाहीत. त्या एका जागी परत साधा बल्ब लावा, किंवा एलईडीला समांतर साधारण ६८ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर जोडा.

दिवा विझतो, पण पूर्ण नाही, रात्री अंधुक लाल दिसतो. हे काय?

दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक राहतोय. एकतर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय, नाहीतर अल्टरनेटर ते बॅटरी किंवा इग्निशन स्विचच्या रस्त्यात कुठेतरी व्होल्टेज गळतंय. पुढचे प्रश्न वाचा, आधी वायरिंगचा, मग डायोडचा.

अल्टरनेटरवर १४.३ दिसतात पण बॅटरीवर १३.४. मधले कुठे गेले?

वायरीत आणि जोडांमध्ये गेले, उष्णता होऊन. जुन्या व्हॅनचा हा खरा आजार, आणि दुरुस्तीला जवळपास काहीच खर्च नाही म्हणून मला सगळ्यात आवडणारा.

इंजिन २००० ला, हेडलाइट आणि पंखा चालू, म्हणजे वायरीतून दमदार करंट वाहतोय. आता मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर आणि काळं टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर. बेल्ट आणि पंख्यापासून वायरी, बाह्या, केस लांब ठेवा. मीटर जो आकडा दाखवेल तो त्या रस्त्यावर हरवलेला. ०.३ पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर शोधायचं. मग दुसरी बाजू, एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटावर, इथे ०.२ च्या वर नको.

प्लसच्या रस्त्यात बी प्लसचा नट, फ्युझिबल लिंक (करंट फार वाढला की वितळणारा वायरीचा तुकडा), स्टार्टरवरचा जोड आणि बॅटरीचा क्लॅम्प एवढे थांबे असतात. एकेक थांबा पकडून मोजत गेलात की दोषी लगेच सापडतो. वायरीचं इन्सुलेशन लगजवळ कडक झालंय, तपकिरी पडलंय किंवा तांबं काळं-हिरवं झालंय तर ते टोक कापून नवीन लग क्रिम्प करा, नुसतं पॉलिश पेपर मारून भागत नाही. फोक्सवॅगन टी३ सारख्या मागे इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली आणि इंजिन पार मागे, त्यामुळे मधली लांबलचक केबल गाडीच्या पोटाखालून जाते, तिथे जास्त बारकाईने बघा.

मायनसच्या बाजूला मुख्य संशयित म्हणजे इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही, सगळा भार त्या एका विणलेल्या पट्टीवर. ती गंजली किंवा कोणी इंजिनला रंग मारून रंगावरच परत बसवली की करंट दुसरे रस्ते शोधतो, अगदी क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागते. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा वर सरकतो तेसुद्धा बहुतेक यामुळेच. झटपट चाचणी अशी की जंपर केबलने इंजिनचा स्वच्छ धातू आणि बॅटरीचा मायनस थेट जोडून बघा. सगळं सुधारलं तर पट्टी बदला, दोन्ही टोकांखालचा धातू चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

बेल्ट चिरकतो, विशेषतः सकाळी लाइट लावल्यावर.

बेल्ट घसरतोय. गाडी बंद करून सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, जुन्या व्ही बेल्टला साधारण १० ते १२ मिमी दबायला हवा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, भेगा असतील किंवा तेल लागलं असेल तर ताण देऊन उपयोग नाही, नवीनच टाका. पुलीच्या खाचेचा तळ चमकतोय का तेही बघा, व्ही बेल्ट बाजूंच्या भिंतींवर पकड घेतो, तळाला टेकायला लागला म्हणजे तो झिजलाय किंवा चुकीच्या रुंदीचा आहे. फार आवळू नका, त्याने अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. नवीन बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतोच, काहीशे किलोमीटरनंतर परत एकदा ताण बघा.

कार्बन संपलेत हे कसं कळणार?

दिवा खड्ड्यात लुकलुकतो, कधी चार्ज करतो कधी नाही, अल्टरनेटरवर लाकडाने हलकेच ठोकलं की थोडा वेळ जागा होतो. ही सगळी कार्बनची लक्षणं. बॉश पद्धतीच्या अल्टरनेटरला कार्बन आणि रेग्युलेटर एकच तुकडा असतो, पाठीमागे दोन स्क्रू, आणि बऱ्याच व्हॅनमध्ये अल्टरनेटर न उतरवताही तो निघतो. बॅटरीचा मायनस मात्र आधी काढायचा. बाहेर आलेला कार्बन ५ मिमीच्या आसपास किंवा कमी उरला असेल तर बदला. आत टॉर्च मारून तांब्याच्या स्लिप रिंगा बघा: नुसत्या काळ्या असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या, खोल खाच पडली असेल तर नवे कार्बन फार दिवस टिकणार नाहीत, रिंगा बदलून घ्याव्या लागतील.

डायोड तपासता येतो का अल्टरनेटर न उघडता?

बऱ्यापैकी. अल्टरनेटर आतमध्ये एसी बनवतो आणि सहा मुख्य डायोड त्याचं डीसी करतात, डी प्लससाठी बहुतेकांत आणखी तीन छोटे असतात. एखादा गेला की डीसीमध्ये एसी मिसळतो. इंजिन चालू, लाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर, टोकं बॅटरीवर. ०.१ च्या आसपास असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेलाय असं धरा. फक्त त्याआधी इंजिन बंद असताना तसंच मोजा. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर शांत बॅटरीलाही वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतात, असा मीटर या कामाचा नाही.

रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते, व्होल्टेज १३ च्या वर जायलाच तयार नसतं, लोड टाकला की कोसळतं, ही पण डायोडचीच लक्षणं. आणि एक साधी गोष्ट करून बघा: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी सुरू करायच्या आधी अल्टरनेटरला हात लावा. सगळं इंजिन गार आणि तो एकटा कोमट असेल तर डायोडमधून बॅटरी रात्रभर उलटी वाहतेय.

व्होल्टेज १५ च्या वर जातंय.

हे कमी चार्जिंगपेक्षा धोक्याचं आहे. रेग्युलेटर गेला, किंवा ज्या अल्टरनेटरला बॅटरीचं व्होल्टेज बघणारी वेगळी सेन्स वायर असते तिथे ती वायर तुटली किंवा गंजली. बॅटरीतलं पाणी भराभर कमी होतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब एकामागोमाग उडतात. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, ठिणगी पडली तर फुटते, आणि कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी बऱ्याचदा आपण झोपतो त्या बाकाखालीच असते. तेव्हा खिडक्या उघडा, ती घरची बॅटरी (म्हणजे राहायच्या भागातली, फ्रिज-दिव्यांसाठीची) वेगळी करा, जवळच जायचं असेल तर हेडलाइट-पंखा सगळं लावून कमी रेसवर जा, आणि रेग्युलेटर बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून बघायची जुनी युक्ती करू का?

कृपा करून नको. बॅटरी व्होल्टेजचे उसळे गिळत असते. ती एकदम काढली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटीने वर जातं आणि डायोड, रेग्युलेटर, रेडिओ, इन्व्हर्टर जे सापडेल ते जळतं. चांगला अल्टरनेटर या चाचणीने खराब होऊ शकतो, आणि वरचं तीस सेकंदांचं माप जास्त काही सांगून जातं.

चार्जिंग अगदी बरोबर आहे, तरी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी डाऊन.

काहीतरी चोरून खातंय. सगळं बंद करा, बॅटरीचा मायनस काढा आणि मीटर १० अँपच्या सॉकेटवर लावून खुंट आणि केबलच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलीअँपपर्यंत चालतं, जुन्या गाडीत खरं तर त्याहून बरंच कमी हवं. ५० मिलीअँप म्हणजे दिवसाला १.२ अँप-तास, महिन्याला ३६, म्हणजे ७० ची बॅटरी महिन्यात अर्धी झाली! दोन-दोन महिने गाडी उभी ठेवत असाल तर बॅटरी डाऊन करायला एवढासुद्धा करंट पुरतो.

जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडला तिकडे चोर. कॅम्परमध्ये मात्र निम्म्या वायरी फ्यूजबॉक्सला न जाता थेट बॅटरीवर चढवलेल्या असतात: स्टँडबायला असलेला इन्व्हर्टर, गॅस अलार्म, स्टिरिओ, यूएसबी सॉकेट, पाण्याचा पंप. त्या एकेक सुट्ट्या करून बघा. कशानेच आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची बी प्लस केबल काढून बघा, मायनस सुटलेला असतानाच, आणि तिचं टोक टेपने नीट झाका. तेव्हा पडला तर डायोड. शेवटचा संशयित म्हणजे दोन बॅटऱ्यांमधला रिले (इंजिन चालू असताना त्या एकमेकींना जोडणारा विजेचा स्विच), त्याचे पॉइंट चिकटून बसले असतील तर रात्रीचा फ्रिज आणि दिवे गाडीची बॅटरी पण पितात.

गाडीची बॅटरी फुल्ल, पण घरची बॅटरी दिवसभर चालवूनही भरत नाही.

कॅम्परवाल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न. आधी हे समजून घेऊ की जुन्या व्हॅनचा ४५ ते ७० अँपचा अल्टरनेटर बनवला होता तो सेल्फ मारून थोडी कमी झालेली पुढची बॅटरी भरायला आणि लाइट-वायपर चालवायला. फ्रिज, पंप, लॅपटॉप हे सगळं नंतर आलं. त्यात आयडलिंगला तो आपल्या पूर्ण क्षमतेच्या निम्मं किंवा त्याहून कमी देतो.

आता वायरीचा हिशोब बघा. घरची बॅटरी ५ मीटर लांब, जायची-यायची मिळून १० मीटर तांबं, आणि बसवणाऱ्याने ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली. ३० अँप जाताना त्या वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट खर्च होतात. पुढे १४.२ असताना मागे १३.३ पोचले, एवढ्यावर लेड ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तेच २५ स्क्वेअर एमएम टाकली तर नुकसान ०.२ वर येतं. माझ्या मते कुठलंही महाग उपकरण घ्यायच्या आधी ही वायर बदलायला हवी. दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज हवाच, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे, वायर मध्ये कुठेही घासून टेकली तर दोन्हीकडून आग लागू शकते.

मग दोन्ही बॅटऱ्या जोडते कोण ते शोधा. डी प्लसवर चालणारा साधा रिले असेल तर इंजिन चालू असताना त्याच्या ३० आणि ८७ टर्मिनलमध्ये मोजा, ०.१ च्या वर दिसलं तर पॉइंट जळलेत. व्होल्टेज बघून जोडणारा रिले असेल तर तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, तो सारखा टकटक करत चालू-बंद होत असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ खराब आहे. जुने डायोडवाले स्प्लिटर (चार्जिंग दोन बॅटऱ्यांत वाटणारे) असतील तर तिथेच ०.६-०.७ व्होल्ट जातात, ते काढून टाकलेले बरे.

आणि फ्रिज! गॅस-करंट दोन्हीवर चालणारा जुना ॲबसॉर्प्शन फ्रिज १२ व्होल्टवर ८ ते १२ अँप सहज खातो. त्याला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र वायर द्या, इंजिन चालू असतानाच चालेल असा, बॅटरीच्या चार्जिंगच्याच वायरीवर टांगू नका.

किती तास गाडी चालवली की घरची बॅटरी भरते?

१०० अँप-तासाची लेड ॲसिड अर्धी रिकामी असेल आणि वायरिंग चांगलं असेल तर ८० टक्क्यांपर्यंत दीड-दोन तासांत येते. उरलेले वीस टक्के मात्र रडवतात, कारण हंडा काठोकाठ भरताना नळ बारीक करावा लागतो तसं बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेत जाते, आणि तिथे अजून पाच-सहा तास सहज जातात. कायम ८० टक्क्यांवर राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती लवकर मरते. म्हणून अधूनमधून घरच्या चार्जरवर रात्रभर लावा किंवा छपरावर सोलर टाका. नुसतं इंजिन आयडलला ठेवून बॅटरी भरायचा प्रयत्न करू नका, डिझेल जळतं आणि बॅटरीत काही पडत नाही.

लिथियम बॅटरी थेट जुन्या रिलेवर जोडली तर?

अल्टरनेटर जाळायचा हा खात्रीचा मार्ग आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध खूप कमी, ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते, अगदी भरत येईपर्यंत. ५५ अँपचा जुना अल्टरनेटर तासभर पूर्ण क्षमतेने चालायला बनवलेला नाही, त्यात ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला त्याचा पंखा हळू फिरतो आणि आतलं वॉर्निश करपतं. मध्ये २० किंवा ३० अँपचा डीसी टू डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन घरची बॅटरी भरणारी डबी) टाका. अल्टरनेटरच्या छापील क्षमतेच्या निम्म्याच्या वर त्याच्याकडून मागू नका, आणि चार्जरला इग्निशन किंवा डी प्लसचा सिग्नल द्या, नाहीतर तो उभ्या गाडीत पुढची बॅटरी रिकामी करेल.

वाटेतच अल्टरनेटर गेला. किती लांब जाता येईल?

आधी बोनेट उघडून बेल्ट बघा. बेल्टच तुटला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर तिथेच थांबायचं, इंजिन तापून हेड जाईल. जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगनच्या उभ्या पंख्याच्या इंजिनात तर कूलिंगचा पंखाच जनरेटरच्या शाफ्टवर असतो, तिथे एक मिनिटही चालवू नका.

बेल्ट शाबूत असेल तर हिशोब सोपा आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालू राहायला फक्त पंपावरच्या सोलेनॉइडपुरती, म्हणजे १ अँपच्या आसपास वीज लागते, दिवसा पंखा-रेडिओ बंद ठेवून ती कित्येक तास जाईल. पेट्रोलला इग्निशन कॉइलचे ४ अँप वगैरे धरा. रात्र असेल तर हेडलाइटचेच ९-१० अँप, त्यात टेललाइट, वायपर, हीटरचा पंखा धरला की २५ पर्यंत जातं, आणि ७० ची बॅटरी दीडेक तासात मान टाकते. इंजिन बंद करू नका, प्रत्येक सेल्फ महागात पडतो. कॅम्परमध्ये एक सोय मात्र आहेच: घरची बॅटरी भरलेली असेल तर थांबून जंपर केबलने ती पुढच्या बॅटरीला जोडून घ्या.

डिझेल व्हॅनच्या अल्टरनेटरमधून तेल गळतंय. अल्टरनेटरमध्ये तेल कुठून?

बऱ्याच जुन्या जपानी डिझेल इंजिनांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं तेल जातं. सील गेला की तेल आत झिरपतं, कार्बन चिकटतात आणि चार्जिंग येतं-जातं. नुसते कार्बन बदलून भागणार नाही, सील बदला. आणि अशा गाडीत बेल्ट तुटला तर ब्रेकचा बूस्टरही जातो, पेडल दगडासारखं कडक होतं, ब्रेक लागतात पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो. त्यामुळे इथे बेल्टबाबत अजिबात चालढकल नको.

माझ्या व्हॅनला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे.

साठच्या दशकातल्या व्हॅनमध्ये असतो. फोक्सवॅगन टाइप २ च्या १९६७ आधीच्या बऱ्याच गाड्या तर ६ व्होल्टच्या, तेव्हा वरचे बॅटरी आणि चार्जिंगच्या व्होल्टचे आकडे अर्धे करून वाचा. डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, तिथे दिवा मिणमिणला तर तो दोष नाही. घरची बॅटरी त्याच्यावर भरायची अपेक्षा ठेवू नका, सोलरच टाका.

मोठा अल्टरनेटर बसवू का?

बसवता येतो, पण जुनी बारीक बी प्लस केबल तशीच ठेवून नाही. ९० अँपचा अल्टरनेटर आणि ४५ च्या हिशोबाची वायर म्हणजे वायर तापणार. केबल, फ्यूज, अर्थ पट्टी सगळं त्या मापाचं करा. शिवाय एकेरी अरुंद व्ही बेल्टला किती ओढता येईल त्याला मर्यादा आहे, जास्त मागितलं की तो घसरतो आणि पुली तापते.

बदलायचाच ठरला तर काय बघून घ्यायचा आणि बसवल्यावर काय करायचं?

नुसत्या कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंगचं काम असेल तर जुनाच दुरुस्त करून घ्या, जुन्या कंपनीच्या मालाची बॉडी आणि वाइंडिंग अनेकदा आजच्या स्वस्त नकलेपेक्षा चांगली निघते. स्टेटर (आतली न फिरणारी वाइंडिंग) काळा पडून जळका वास येत असेल तर मात्र नवा. घेताना जुना शेजारी ठेवून बघा: माउंटिंगचे कान, पुलीचा व्यास आणि खाचेची रुंदी, पंख्याची दिशा, आणि टर्मिनल किती. डिझेलमध्ये आरपीएमचा काटा डब्ल्यू टर्मिनलवर चालत असेल तर नव्यालाही ते हवं. पेट्रोलची मोठी पुली डिझेलवर चढवली तर डिझेल मुळातच कमी फिरत असल्याने आयडलिंगला चार्जिंग येणारच नाही.

बसवताना बॅटरीचा मायनस सगळ्यात आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. बी प्लसचा नट नीट आवळा, ढिला राहिला तर तिथेच जळतो. मेलेली बॅटरी भरायचं काम नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी देऊ नका, आधी चार्जरवर बॅटरी भरून घ्या. मग गाडी सुरू करून वरची सगळी मापं परत घ्या, दोन्ही बाजूंच्या वायरीतलं गळणारं व्होल्टेजसुद्धा, आणि ते आकडे तारखेसकट बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी काही बिघडलं की तुलना करायला तेच कामाला येतात.